वायरीचा माग

बॉशच्या डी-जेट्रॉनिकला, म्हणजे १९६७मध्ये फोक्सवॅगन १६००वर आलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनला, आज सर्वांत जास्त छळतात त्या वायरी. पन्नाशी उलटलेलं इन्शुलेशन वाकवलं की तडकतं, आणि गाडी काळा धूर ओकायला लागली की लोक थेट कंट्रोल युनिट बदलायला निघतात. माझं ठाम मत आहे, त्याला हात सगळ्यात शेवटी लावावा. बॅटरी सोडवा, युनिटचा २५ पिनांचा प्लग काढा आणि मल्टिमीटरचं एक टोक २३ नंबरच्या पिनवर, दुसरं इंजिनाच्या धातूला धरा. सिलिंडर हेडमधल्या तापमान सेन्सरची एकुलती एक वायर इथे येते. २० अंश सेल्सिअसला साधारण अडीच किलो-ओहम दिसायला हवेत. इंजिन तापलं की आकडा झपाट्याने उतरतो. मीटर रोध अनंत दाखवत असेल, तर युनिटला इंजिन कडाक्याच्या थंडीतलं वाटतंय आणि ते पेट्रोल ओततंय. मग हेडपाशी जाऊन तेच माप थेट सेन्सरवर घ्या. तिथे बरोबर आलं, तर दोष मधल्या वायरीत किंवा हिरवट गंज चढलेल्या जोडात. वायरींच्या टोकांशी पिनचे नंबर छापलेले असतात. त्यांवर आंधळेपणाने टेप गुंडाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.