अलार्मचा आवाज बंद करणाऱ्यांना शेवटची ताकीद

सोसायटीतल्या सर्व सदनिकाधारकांनो आणि भाडेकरूंनो, ही विनंती नाही. विनंत्या करून झाल्या, सर्वसाधारण सभेत हात जोडून झाले. ३१ जुलैपर्यंत इमारतीतला फायर अलार्म पूर्ववत चालू झालाच पाहिजे.

वॉचमनच्या केबिनमधलं पॅनेल एकदा जाऊन बघा. ‘फॉल्ट’चा पिवळा दिवा रात्रंदिवस पेटलेला आहे आणि बझर गप्प करायचं बटण चिकटपट्टी मारून कायमचं दाबून ठेवलं आहे. नवव्या मजल्याच्या लॉबीत छतावरच्या डिटेक्टरला रंगाऱ्याने दिवाळीत बांधलेली प्लास्टिकची पिशवी अजून तशीच आहे. तिच्याखालून मुलं रोज शाळेत जातात.

‘उगाच वाजतो’ ही तक्रार खरी आहे. पण तो वाजतो कशाने, हे समजून घ्या. अशा डिटेक्टरच्या आत एक लहानसा अंधारा कप्पा असतो. त्यात धूर शिरला की आतला प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि घंटा वाजते. धूळ साचली किंवा कीटक शिरला तरी तेच होतं. त्यावर इलाज साफसफाईचा आहे. तो सोडून आपण अलार्मचं तोंड दाबलं.

आगीत ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो. झोपेत वासाने जाग येईल या भरवशावर कुणीही राहू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे आग लागली ती खाली, पार्किंगमध्ये. धूर मात्र वरच्या मजल्यांपर्यंत गेला. निदान सात माणसं गेली. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ ला चौघांचा जीव गेला, आणि तिथली अग्निशमन यंत्रणा बंद होती. त्याच आगीत दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओला कपडा नाकातोंडावर धरायला सांगितलं. तेवढं शहाणपण शाळकरी पोरीकडे होतं. आपल्याकडे चिकटपट्टी आहे.

कायदाही ऐका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ‘बी’, दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यावं लागतं. यंत्रणेशी छेडछाड करायला मनाई आहे. कायदा मोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. नोटिशीला दाद दिली नाही, तर वीज-पाणी तोडण्याची वेळ येऊ शकते. पिशवी बांधलेल्या डिटेक्टरवर खोटं प्रमाणपत्र आणायचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी तो पुन्हा देऊ नये. मी त्यावर सही करणार नाही.

भाडेकरू म्हणतात, घर मालकाचं. मालक म्हणतात, राहतात ते. ही टोलवाटोलवी इथे चालणार नाही, कारण जबाबदारी मालकाची तशीच प्रत्यक्ष राहणाऱ्याचीही आहे. घर भाड्याने देणाऱ्याने निदान बेडरूमबाहेर बॅटरीवरचा स्मोक अलार्म बसवून द्यावा. स्वयंपाकघरात तो लावू नका, फोडणीच्या धुरानेही वाजेल. तिथे उष्णता ओळखणारा डिटेक्टर लागतो. भाडेकरूने दर महिन्याला टेस्टचं बटण दाबून बघावं. अलार्म दहा वर्षांचा झाला की बदलावा, तो वाजत असला तरी.

आणि जिना. चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या, जुनं कपाट, सगळं ३१ तारखेच्या आत घरात घ्या. रेफ्युज एरियाला, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेला, टाळं लावणाऱ्याने ते स्वतः येऊन काढावं.

१ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता पूर्ण इमारतीचा अलार्म वाजवला जाईल. सर्वांनी लिफ्टला हात न लावता जिन्याने खाली यायचं आहे. ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांची नावं आधी ऑफिसात द्या, म्हणजे त्यांच्यासोबत माणूस देता येईल. त्या वेळी जिन्यात जे सामान सापडेल ते उचललं जाईल आणि हमालीचा खर्च मालकाच्या बिलात लागेल. त्यानंतर पॅनेल, डिटेक्टर किंवा होजला ज्याने हात लावला, त्याचा फ्लॅट नंबर त्याच दिवशी लेखी तक्रारीने अग्निशमन दलाकडे जाईल. तक्रार मागे घेतली जाणार नाही, मग तो कमिटीतला असला तरी.