आरेतलं गाणं कुठल्या खात्यात मांडायचं?

‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकी बँडचा १९८० सालचा ‘रिमेन इन लाइट’ हा अल्बम प्रयोगशील का म्हणायचा, याचं उत्तर आर्ट रॉकच्या चाहत्यांना पाठ असतं. निर्माता ब्रायन ईनोच्या साथीने त्या मंडळींनी नायजेरियाच्या फेला कुटीची आवर्तनं अंगी बाणवली, एकाच स्वराभोवती ताल घोळवत ठेवला, आणि एवढं करूनही त्या संगीतावर पाय थिरकतात. हे सगळं मला मान्य आहे. तो अल्बम मोठाच आहे. माझं भांडण पुढे सुरू होतं.

२०१९ साली ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिपहॉप गटाने आरे कॉलनीतल्या केलटीपाड्याच्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. वारली गळा, रॅप आणि यंत्रावर रचलेला ठेका अशी त्याची घडण आहे. फेला कुटीच्या तालावर उभा राहिलेला अल्बम कला ठरतो आणि वारली सुरावर उभं राहिलेलं गाणं मात्र ‘चळवळीचं गाणं’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. का?

पहिला आक्षेप असा, की हा प्रचार आहे, आणि प्रचार आला की कला संपते. पण मेट्रोच्या कारशेडसाठी ज्याच्या घराशेजारचं झाड तोडलं जाणार होतं, त्याने झाडाविषयी गावं हा प्रचार कसा? शहरी कवीचा एकटेपणा त्याचा अनुभव मानायचा आणि पाड्यावरच्या माणसाची जमीन मात्र त्याचा ‘मुद्दा’ मानायचा, ही वाटणी मला मान्य नाही. शिवाय गाण्याचं नाव १९४५ च्या वारली उठावाची आठवण जागवतं. डहाणू-तलासरीचा तो लढा गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवला आहे. तेवढा मागचा काळ शीर्षकातच सामावून घेणं ही रचनेची जाण आहे.

दुसरा आक्षेप लोकसंगीताच्या अभ्यासकांचा, आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो: शहरातले गट आदिवासी सूर चटणीसारखे तोंडी लावतात. लावतात, हे खरं आहे. स्टुडिओत वाजवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, त्याचा तुकडा कापून घेतात आणि काम भागवतात. इथे मात्र भोईर नावानिशी आहेत, आपल्या आवाजात आहेत, आणि गाणं ज्या जमिनीबद्दल आहे तिथेच त्यांचं घर आहे. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे त्यामुळे उलटं होतं. शहराचा ठेका पाड्यावर पाहुणा म्हणून आला आहे.

प्रयोगाचंच बोलायचं तर तारपा या वारली वाद्याकडे पाहा. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, त्यामुळे सूर अखंड राहतो. हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते आणि त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. न तुटणारा स्वर आणि घोळत राहणारं आवर्तन, जे मिळवायला आर्ट रॉकला स्टुडिओ आणि टेपची यंत्रं लागली, ते इथे सुगीनंतर अंगणात घडत आलं आहे. आणि ते साऱ्या पाड्याचं असतं. प्रयोग म्हटला की लोक दुरावणारच, हा समज त्या रिंगणात टिकत नाही.

मुंबईच्या रॉकने इकडे फारसं पाहिलं नाही याची मला खंत आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ या बँडने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं. नावात सिंधू आली, गाणी इंग्रजीतच राहिली. त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे, पण आरेतला, गोरेगावच्या हद्दीतला सूर कानी पडायला आणखी पंचवीसेक वर्षं जावी लागली.

शेवटचा टोमणा: गाऊन काय मिळालं? ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ तारखेला आली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. २०२४ मध्ये आरेहून मेट्रोही धावू लागली. हे सगळं घडलं. पण गाण्याचं मोल कारशेडच्या निकालावर ठरवायचं, तर ‘रिमेन इन लाइट’ने कुठला खटला जिंकला होता? ‘द वारली रिव्होल्ट’ पुन्हा लावा, आणि या वेळी बातमी म्हणून ऐकू नका. भोईरांचा आवाज ठेक्यावर कुठे चढतो, कुठे त्याला मागे सारतो, तेवढंच ऐका.