'तत्त्व' कोणते?

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत मराठी शिकविणारे आम्ही शब्दांच्या अर्थछटा समजावून देण्याचे वेतन घेतो. म्हणून 'शिक्षणसेवक', 'मानधन' आणि 'तासिका तत्त्व' या तीन शासकीय शब्दांविषयी बोलणे आम्हांस भाग आहे.

शिक्षणसेवक योजना 2000 साली आली. पूर्ण अर्हतेच्या शिक्षकाने आधी तीन वर्षे 'सेवा' करावयाची. प्राथमिक शाळेतील त्याचे मानधन 2023 मध्ये 6000 रुपयांवरून 16000 झाले. ज्यात मान नाही आणि पुरेसे धनही नाही, त्या समासाचा विग्रह वर्गात कसा करावा?

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची गत याहून वाईट. नेट-सेट, पीएच.डी. होऊनही पैसे फक्त घेतलेल्या तासांचे. सुटीचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे मजुरी मिळते. तिला कुणी 'किलो तत्त्व' म्हणत नाही. मजुरीला मजुरी म्हणण्याचा प्रामाणिकपणा शेतात तरी आहे.

गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. ते आधी गाव झाडीत, मग भाकर घेत. श्रम आधी, भाकर मागून. पण श्रमाला भाकर हवीच, हा हिशेब या मातीला नवा नाही.

दोष एकट्या शासनाचा नाही. कायम नोकरीतले आम्ही त्याच स्टाफरूममध्ये बसून या सहकाऱ्यांना 'सीएचबीवाले' म्हणतो आणि तपासणीचे गठ्ठे त्यांच्याकडे सरकवतो. त्यांच्या रिक्त पदांसाठी आम्ही किती निवेदनांवर सह्या केल्या? शब्दांचे खोटेपण ओळखणे हा आमचा व्यवसाय. तेथेच आम्ही गप्प राहिलो, तर शिकविले काय?