फावल्या वेळाची मालकी

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कार्यकर्त्यांच्या बैठकीत बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात. हा पोरासोरांचा नाद आहे, त्यावर विचार करण्याइतकी सवड चळवळीजवळ नाही, ही पहिली. हे तरुणांना बिघडवणारे व्यसन आहे, सरकारने त्यावर बंदी घालावी, ही दुसरी. या दोन्ही प्रतिक्रिया देणाऱ्यांनी एकही खेळ स्वतः खेळून पाहिलेला नसतो. दुसऱ्या बाजूला जे निष्णात खेळाडू व समीक्षक असतात, ते चित्रांचा देखणेपणा, यंत्राचा वेग आणि खेळाची लांबी यांच्या हिशोबात गुंतलेले असतात. या दोहोंच्या मध्ये एक फार मोठा वर्ग आहे आणि त्याचे मत कोणी विचारीत नाही. तो वर्ग म्हणजे सवडीने खेळणारी माणसे. पाळी संपवून लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठा चालवणारा कामगार, रात्रपाळीत दहा मिनिटे मोकळी मिळालेली परिचारिका, मुले झोपल्यावर मोबाईल हाती घेणारी गृहिणी, ही सारी त्यात आली.

हा सवडीचा खेळाडू कोणताही खेळ पुरा करीत नाही. चार खेळ चाखून पाहतो, तीन सोडून देतो, उरलेल्या एकाविषयी मनात काही मत बाळगतो. त्याची मते विस्कळीत असतात, हे कबूल केले पाहिजे. परंतु एका बाबतीत त्याचा अधिकार समीक्षकापेक्षा मोठा आहे. त्याच्याजवळ वेळ थोडा असतो. म्हणून त्या वेळेची किंमत त्याला कळते. कोणता खेळ अर्ध्या तासात समाधान देऊन मोकळे करतो आणि कोणता अर्ध्या तासाचे दोन तास करून वर मनाला रुखरुख लावतो, हे तोच सांगू शकतो. खेळाची परीक्षा करायची तर ती याच कसोटीवर केली पाहिजे. कारण प्रश्न करमणुकीपुरता नाही.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आठ तासांचा दिवसही जगभरच्या कामगारांना झगडूनच मिळवावा लागला. श्रमिकाचा फावला वेळ ही चळवळीची कमाई आहे. कारखान्याच्या दारातून सोडवून आणलेला हा वेळ घरी आल्यावर दुसऱ्याच मालकाच्या खात्यात जमा होत असेल, तर त्याची दखल चळवळीने घ्यायची नाही तर कोणी?

जुन्या खेळांपासून आरंभ केला तर सवडीच्या खेळाडूचे पहिले प्रेम बहुधा ‘टेट्रिस’वर असते. वरून ठोकळे पडतात, ते ओळीत बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. त्यात कथा नाही, शत्रू नाही, रक्तपात नाही. हरल्यावर खेळ संपतो आणि खेळाडू आपल्या कामाला मोकळा होतो. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली हा खेळ रचला. ज्या यंत्रावर रचला त्यावर चित्रे काढण्याचीही सोय नव्हती. ठोकळे कंसांच्या खुणांनी दाखवले जात. पुढे हा खेळ जगभर विकला गेला. परंतु त्याचे हक्क सोव्हिएत सरकारच्या ताब्यात होते आणि ज्याच्या डोक्यातून तो निघाला त्याला आपल्या खेळाचा मोबदला १९९६ पासून मिळू लागला. सरकारी मालकी म्हणजे श्रमणाऱ्याची मालकी नव्हे, हे लोकशाही समाजवादी पूर्वीपासून सांगत आले. त्याचा दाखला या ठोकळ्यांच्या खेळातही आढळतो.

‘टेट्रिस’ला खेळाडूचा वेळ अडवून ठेवण्यात काही लाभ नव्हता, कारण तो एकदाच विकत घ्यायचा होता. पुढे व्यवहाराची ही रीत पालटली. खेळ फुकट द्यायचा आणि खेळताना अडचण निर्माण करून ती दूर करण्याचे पैसे घ्यायचे, असा नवा धंदा उभा राहिला. २०१२ साली आलेला ‘कँडी क्रश सागा’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. रंगीत गोळ्या जुळवण्याचा हा साधा खेळ. त्यात खेळाडूला पाच प्राण मिळतात. ते संपले की एक प्राण परत येण्यास अर्धा तास थांबावे लागते. थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे किंवा मित्रांकडे प्राण मागायचे. सावकार आणि धरणीकंप यांत जो फरक आहे तो येथे लक्षात घ्यावा. ही अडचण निसर्गाने आणलेली नाही. ती मोजूनमापून बसवलेली आहे. पुष्कळ लोक एक पैसा न देता हा खेळ खेळतात हे खरे; पण त्यांच्याकडून लक्ष वसूल केले जाते आणि ते लक्ष जाहिरातदारांना विकता येते. या वसुलीची किंमत बाजाराने केव्हाच ठरवली आहे. ‘कँडी क्रश’ची कंपनी २०१६ साली सुमारे ५९० कोटी डॉलरांना विकली गेली.

शेतकऱ्याच्या महाराष्ट्रात ‘फार्मव्हिल’ची आठवण निराळ्या कारणाने काढावी लागेल. फेसबुकवर २००९ साली आलेला आणि २०२० अखेर तेथून बंद झालेला हा शेतीचा खेळ. त्या शेतीत पावसाने दगा देण्याची भीती नव्हती, बियाण्याचे कर्ज नव्हते, बाजार समितीत पडणारा भाव नव्हता. पीक नासण्याचे प्रमुख कारण एकच होते. खेळाडू ठरल्या वेळी परत आला नाही तर उभे पीक वाळून जाई. खऱ्या शेतकऱ्याला रात्री उठून मोटार चालू करावी लागते, कारण वीज रात्री येते. या खोट्या शेतकऱ्याला रात्री उठवण्याची योजना कंपनीने केली होती. शेतीतील हलाखी सारी वगळली आणि तिच्यातील बेडी तेवढी ठेवली, असेच या खेळाचे वर्णन करावे लागेल.

याच्याशी ताडून पाहण्याजोगा शेतीचा दुसरा खेळ म्हणजे ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या एकट्या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ खपून तो तयार केला आणि २०१६ साली प्रसिद्ध केला. एका अजस्र कंपनीच्या कचेरीत कंटाळलेला नोकर आजोबांच्या पडक्या शेतावर राहायला जातो, अशी सुरुवात. गावात त्याच कंपनीचे मोठे दुकान आलेले आहे आणि गावाचे समाजमंदिर ओस पडले आहे. खेळाडूने ठरवले तर तो एकेक वस्तू जमवून समाजमंदिर पुन्हा उभे करतो. कंपनीचे सभासदत्व विकत घेतले तर तेच समाजमंदिर तिचे गोदाम बनते. खेळातला एक दिवस खऱ्या पंधरा मिनिटांच्या आत संपतो आणि दिवसाच्या शेवटी सारे जतन होते. सवडीच्या माणसाला एक-दोन दिवस खेळून निश्चिंत झोपी जाता येते. पीक त्याची वाट पाहते. या खेळातही दोष आहे. जमीन वारशाने मिळाली, हे त्यात गृहीतच धरलेले आहे; भूमिहीन माणसाने गावाला परत जायचे तर कुठे, हा प्रश्न त्या गावात उद्भवत नाही. तरीही श्रमाला आणि शेजारधर्माला प्रतिष्ठा देणारा खेळ म्हणून त्याचे मोल मान्य करावयास हवे.

खेळाचे राजकारण त्याच्या कथेपेक्षा त्याच्या नियमांत अधिक मुरलेले असते. १९८९ साली विल राइट यांनी रचलेला ‘सिम सिटी’ हा नगररचनेचा खेळ वरकरणी अगदी निष्पक्ष दिसतो. वस्ती, बाजार आणि उद्योग यांसाठी वेगवेगळे पट्टे आखायचे, रस्ते आणि वीज द्यायची, कर बसवायचे. कर वाढवले की लोक शहर सोडू लागतात. पोलीस ठाणी वाढवली की गुन्हे घटतात. घरावर बुलडोझर फिरवला तर त्यातील कुटुंब कोठे गेले, हे विचारणारा कोणी नसतो. घराच्या पडवीत विडी वळणारी बाई, गल्लीत भाजी विकणारा माणूस, घर आणि कारखाना एकाच माळ्यावर असलेली धारावी, यांना त्या आखणीत जागाच नाही. खेळ रंजक आहे, बुद्धीला चालना देणाराही आहे. परंतु त्यात रमलेला तरुण पुढे नगरपालिकेच्या आराखड्याकडे कोणत्या नजरेने पाहील, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

‘पब्जी’विषयी महाराष्ट्राच्या गावागावांत पुष्कळ बोलले गेले. शंभर जण एका भूमीवर उतरतात, उघडी जागा आक्रसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. भांडवलशाही स्पर्धेचे याहून उघडे रूपक शोधून सापडणार नाही. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्याच्या मोबाईल आवृत्तीवर बंदी घातली. पण ती देशाच्या सुरक्षेच्या नावाने घातली होती. २०२१ साली खेळ नव्या नावाने आला, २०२२ साली पुन्हा रोखला गेला, २०२३ साली पुन्हा सुरू झाला. या साऱ्या घालमेलीत मुलांच्या वेळेचा विचार दुय्यमच राहिला. सवडीच्या खेळाडूंचे यावरचे मत मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांतील पुष्कळांना गोळीबारापेक्षा चौघांच्या गटात एकमेकांना हाका मारीत खेळणे आवडते. संगत हवी असते आणि ती मिळण्याची दुसरी जागा उरलेली नसते.

नियमांतूनच विवेक जागा करता येतो, याचे उदाहरण म्हणजे लुकास पोप यांचा २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’. खेळाडू एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सरहद्दीवर कागदपत्रे तपासणारा कारकून असतो. जितकी माणसे तपासली तितकी मजुरी. चुका वाढल्या की कपात. त्या मजुरीतून घरभाडे, अन्न, सरपण आणि औषध भागवायचे. नवऱ्याचे कागद बरोबर असतात, मागून आलेल्या बायकोचा परवाना नसतो. तिला आत सोडायचे की स्वतःच्या मुलाच्या औषधाचा विचार करायचा? आसाममध्ये २०१९ साली नागरिक नोंदणीच्या अंतिम यादीबाहेर १९ लाखांहून अधिक माणसे राहिली. त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना काय घडत असेल, हे उमजण्यास हा तासाभराचा खेळ काही भाषणांहून अधिक उपयोगी पडेल.

पैसे लावून खेळायच्या खेळांची गोष्ट वेगळी. मटका आरंभी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर चाले आणि गिरणगावातल्या पगारावर पोसला जाई. मोबाईलवरील पैशाचे खेळ हे त्याचेच वारस होत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ चालवणे हा गुन्हा ठरवला; खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु ज्यांत पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोपवायचे, अशी सोडत साध्या म्हणवणाऱ्या खेळांतही असते. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ सालीच तिला जुगार ठरवले. मुलांपुरता तरी हा प्रश्न भारतातही लावून धरला पाहिजे.

हे खेळ घडवणाऱ्यांकडेही पाठ फिरवून चालणार नाही. ‘कँडी क्रश’ ज्या कंपनीने विकत घेतला होता, तिच्या अमेरिकेतील एका शाखेत खेळांची तपासणी करणाऱ्या कामगारांनी मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापण्याचा कौल दिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सबंध कंपनी मायक्रोसॉफ्टने सुमारे ६,८७० कोटी डॉलरांना घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळ विभागातील १,९०० जणांना कमी केले. खेळाडूचा फावला वेळ आणि कामगाराची नोकरी एकाच वहीत मांडली जाते, ही गोष्ट त्या आकड्यांवरून स्पष्ट व्हावी.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील की मुलांनी मैदानावर खेळावे, हाच खरा उपाय. तो उपाय योग्यच आहे. पण मैदान कोठे आहे? मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागा व परवडणारी घरे यांना देणारा १९९१ चा नियम २००१ साली बदलण्यात आला; हा वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मैदान गेले, तेव्हा खेळ मुठीत मावेल एवढा झाला. मोबाईल हिसकावण्याआधी मैदान परत मागावे लागेल.

तोवर सेवा दलाच्या शाखेत, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात या विषयावर उघड बोलणे सुरू व्हावे. समोरच्या तरुणाला तो कोणता खेळ खेळतो ते आस्थेने विचारावे आणि मग तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवावेत. हा खेळ सहज थांबवता येतो का? त्याचे नियम कोणाच्या सोयीचे आहेत? तुझ्या अर्ध्या तासातून कोण श्रीमंत होतो? उत्तरे तो स्वतःच देईल, कारण सवडीची किंमत त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. फावल्या वेळाची मालकी श्रमिकाकडे राहावी, या मागणीला १८९० साली जितका अर्थ होता तितकाच तो आजही आहे.