महाबीजचा हिशेब आणि बियाण्याची पिशवी
अकोल्याचे महाबीज १९७६ चे. राज्य सरकार, राष्ट्रीय बीज निगम आणि शेतकरी त्यात भागीदार. सरकारी कंपनी म्हणून तिचे लेखापरीक्षक ‘कॅग’ नेमते. पण हा हिशेब वर्ष सरल्यावरचा. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला; खासगी कंपन्यांसोबत महाबीजचेही नाव होते. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तोवर दुबार पेरणी गळ्यात पडलेली. (काहींनी खोल पेरले, हेही खरे.) वेळेत पकडायचे काम अंतर्गत लेखापरीक्षणाचे. नुसत्या पावत्या तपासून भागत नाही. लॉटचा उगवण अहवाल कधी आला अन् माल गोदामाबाहेर कधी पडला, या तारखा जुळवाव्यात. भागधारकांनी वार्षिक सभेत लाभांशाआधी हेच विचारावे.