गवत तुमचं, कान आमचे

आधीच सांगते, पोस्ट मोठी आहे. आणि ती डीजेबद्दल नाही. डीजे, ढोल, भोंगे यावर आपण दरवर्षी ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या बाजूंनी भांडतोच. आज बोलायचंय ते ज्याला ना धर्म, ना पक्ष, ना मंडळ, अशा आवाजाबद्दल. कुणाच्या भावना दुखावत नाहीत म्हणून त्यावर कुणी बोलतही नाही. शेजारच्या बंगल्यातलं पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन आणि त्याचा नवा धाकटा भाऊ, पाला उडवायचा ब्लोअर.

कोथरूड, एरंडवणे, औंध, बाणेर, कुठेही राहात असाल तर चित्र ओळखीचं असेल. एकेकाळी सगळे बंगलेच होते. मागे परस, पुढे अंगण, कडेला पेरू नि कढीपत्ता. गवत वाढलं की माळी विळा-खुरपं घेऊन बसायचा, पाला खराट्याने गोळा व्हायचा. आता तीन बंगल्यांच्या जागी दहा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या आणि मधे एक बंगला उरला. परसबाग गेली, तिथे लॉन आलं. लॉन म्हटलं की मशीन आलं. आणि तीन बाजूंच्या भिंतींमध्ये ते मशीन सुरू झालं की आवाज बाहेर जातो कुठे? भिंतीवर आपटून आपल्याच गॅलरीत परत येतो.

आमच्या शेजारी हा कार्यक्रम आठवड्यातून दोनदा असतो. रविवारी सकाळी साडेसातला आणि मधल्या वारी दुपारी दोनला. प्रत्येक वेळी साधारण तासभर. वर्षाचे झाले 104 दिवस. आता गंमत बघा. ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणे सणासुदीला रात्री दहा ते बारा लाउडस्पीकरची सवलत द्यायची तर राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस देता येते. ते 15 दिवस कोणते यावर केवढी चर्चा होते! बाप्पाला 15 दिवस मोजून मिळतात, आणि एका लॉनला 104 दिवस न मागता. हो, रात्रीची गोष्ट वेगळी आणि दिवसाची वेगळी, हे मलाही कळतं. पण मोजदाद कशाची होते आणि कशाची होतच नाही, एवढं लक्षात घ्या.

मी बोलायला गेले होते. भांडायला नाही, बोलायला. शेजारचे काका सज्जन माणूस आहेत, चहाही दिला. म्हणाले, "अहो ताई, आमच्या आवारात आम्ही गवतसुद्धा कापायचं नाही का?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण सगळी अडचण त्यातच आहे. काका, गवत जरूर कापा. आवार तुमचं, गवत तुमचं, मशीन तुमचं. पण आवाज तुमच्या आवारात राहात नाही हो. सात-बाराचा उतारा जमिनीचा असतो, हवेचा नसतो. तुमच्या नळाचं पाणी माझ्या हॉलमध्ये आलं असतं तर "माझा नळ आहे" असं तुम्ही म्हणाला असतात का? आवाज ओला नसतो, फरशीवर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मग पोलीस चौकीत विचारलं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, दिवसा चालतंय ना? मग मी काय करू?" लोकांना वाटतं पोलीस टाळतात. इथे साहेब टाळत नव्हते. नियमच तसा आहे, तो जरा समजून घेऊ.

निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. ऐकायला झकास. पण हा आकडा म्हणजे त्या क्षणाचा आवाज नव्हे, वेळेवर काढलेली सरासरी. आता हिशोब करा. मशीनपासून एक मीटरवर 95 डेसिबल आवाज असेल, तर मोकळ्यावर दहा मीटरला तो सुमारे 75 होतो. म्हणजे तुमच्या गॅलरीत 75. तासभर 75 आणि उरलेले पंधरा तास 50 धरले, तर दिवसाची सरासरी येते साधारण 63. पंचावन्नची मर्यादा ओलांडली? ओलांडली. पण नागरिकाने तक्रार करायची तर नियम म्हणतो, आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त असायला हवा. म्हणजे 65. आपण 63 वर. बसा घरी!

शेजाऱ्याने तासभर तुमच्या डोक्यात करवत फिरवली, तरी उरलेल्या पंधरा तासांच्या शांततेने त्याची भरपाई झाली असं कागद सांगतो. मग माणसाने झोपायचं काय सरासरीने? बाळ सरासरीने दचकतं का? पहाटे दोन-तीनला शिफ्ट संपवून घरी आलेली आयटीतली मुलं, नाइट ड्युटी करून आलेल्या नर्सबाई रविवारी साडेसातला "दिवसाची सरासरी ठीक आहे" म्हणून कूस बदलत असतील का? पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, ब्लोअरचा जोर तेव्हाच, आणि बारावी-दहावीच्या बोर्डाच्या परीक्षाही तेव्हाच. त्या मुलांचे पेपर सरासरीने तपासले जात नाहीत.

राहिला फौजदारी कायदा. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाचं कलम आहे, दंड 1000 रुपयांपर्यंत. त्यासाठी शेजाऱ्याला कोर्टात खेचायचं? काकांना? ज्यांच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असतं? कुणीच करणार नाही, आणि करूही नये. शेजार टिकवायचा असतो. म्हणूनच हा प्रश्न "तुम्ही आपसात बघा" म्हणून सोडून देणं चुकीचं आहे. आपसात बघायला गेलं की बोलणारा कटकट्या ठरतो नि आवाज करणारा बिचारा. वेळ ठरवायचं काम तिसऱ्याने करायचं असतं.

आता एका माणसाबद्दल, ज्याचा विचार ना काका करतात ना तक्रार करणारे आपण. ते मशीन चालवणारे माळीकाका.

आपण खिडकी लावून घेतो. त्यांच्या कानापासून इंजिन हातभर अंतरावर असतं. एक बंगला झाला की दुसरा, मग तिसरा, दिवसाला पाच-सहा. मी विचारलं, कानाला काही लावत नाही का? म्हणाले, "कापूस घालतो ना ताई." कापूस! अमेरिकेतल्या निओश या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आवाजात माणसाने जास्तीत जास्त 8 तास काम करावं, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एक तास. 100 ला फक्त 15 मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांना 8 तासांसाठी 90 ची मर्यादा आहे, पण बंगल्याचं लॉन हा काही कारखाना नव्हे. तिथे ना इन्स्पेक्टर येतो, ना युनियन. असं बहिरेपण एका दिवसात येत नाही. हळूहळू येतं, आणि एकदा गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. घरातले म्हणतात, "हल्ली हाक मारली तरी ओ देत नाहीत." वयामुळे असेल असं समजून विषय संपतो.

तेव्हा "तुम्हा फ्लॅटवाल्यांचे फार नखरे" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: माझे नखरे सोडा, त्या माणसाच्या कानांचं काय? हिरवळ तुमची आणि बहिरेपण त्याचं, हा कुठला हिशोब?

"मग काय मशीनच नको? जग कुठे चाललंय!" असंही ऐकवतात. जग कुठे चाललंय तेच सांगते. जर्मनीत 2002 पासून नियम आहे. निवासी भागात पाला उडवायची यंत्रं आणि ब्रश कटर कामाच्या दिवशी फक्त सकाळी 9 ते दुपारी 1 आणि दुपारी 3 ते 5 चालवायचे. रविवारी आणि सुट्टीला बंद. कमी आवाजाचं अधिकृत पर्यावरण-चिन्ह असलेल्या यंत्रांना वेळेत थोडी सूट आहे, बाकीच्यांना नाही. दुपारी एक ते तीन बंद! आपल्या एक ते चारवर उभा महाराष्ट्र हसतो, जर्मनांनी वामकुक्षी सरकारी नियमात लिहिली. वॉशिंग्टन डीसीत पेट्रोलच्या ब्लोअरवर 2022 पासून बंदी आहे. कॅलिफोर्नियाने असल्या लहान इंजिनांच्या नव्या यंत्रांच्या विक्रीवर 2024 पासून निर्बंध आणले, आणि ते मुख्यतः धुरासाठी. तिथल्या हवा मंडळाचा हिशोब असा की पेट्रोलचा ब्लोअर तासभर चालवणं म्हणजे धुरके तयार करणाऱ्या प्रदूषणात एक मोटार सुमारे 1,100 मैल, म्हणजे पावणेदोन हजार किलोमीटर चालवण्यासारखं. आणि इतकं करून तो ब्लोअर आपल्याकडे करतो काय? काकांच्या अंगणातला पाला रस्त्यावर ढकलतो, धूळ आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या ताई तोच पाला खराट्याने गोळा करतात. मग पहिल्याच दिवशी खराटा का नको?

तक्रार पुष्कळ झाली. मागणी काय ते सांगते.

एक. गवत-पाल्याच्या मशीनला वेळापत्रक हवं. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी चार ते सहा. रविवारी नाही. गल्लीतल्या सगळ्या बंगल्यांनी एकच वार ठरवला तर आणखी चांगलं. माळी बहुतेक ठिकाणी तोच असतो, त्याचीही खेप वाचेल.

दोन. पाल्यासाठी ब्लोअर नको. खराटा, दाताळं आणि कोपऱ्यात पाल्याचा खड्डा. वर्षभरात फुकटचं खत होतं.

तीन. मशीन वापरायचंच तर शक्यतो बॅटरीचं घ्या. शांत नसतं, पण पेट्रोलच्या मशीनपेक्षा आवाज पुष्कळ कमी. आणि माळ्याला कानावरचे मफ आणि डोळ्यांना गॉगल मालकाने घेऊन द्यायचे. लॉनवर एवढा खर्च करणाऱ्याला हे जड नाही.

चार, आणि हे सरकारी यंत्रणेसाठी. चौकीतले साहेब हात वर करतात, पण त्याच नियमांत आठवा नियम आहे. एखाद्या जागेतल्या कामाच्या आवाजाने आजूबाजूच्यांना त्रास होत असेल, तर पोलीस आयुक्त किंवा तो अधिकार असलेले अधिकारी लेखी आदेश काढून ते काम थांबवू शकतात किंवा त्यावर नियंत्रण घालू शकतात. समोरच्याला आपली बाजू मांडता येते, तीही सोय आहे. म्हणजे डेसिबलच्या सरासरीत अडकायची गरज नाही. अधिकार आहे, तो वापरा. आपण हा विषय क्षेत्रीय कार्यालयाच्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीत मांडू, आणि तिथून ठराव म्हणून आयुक्तांकडे पाठवायला लावू. एकट्याने अर्ज दिला तर "शेजाऱ्यांचं भांडण" होतं. पन्नास सह्या असल्या की तो प्रश्न होतो.

"डीजेला कुठे जाता तुम्ही?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून उत्तर आत्ताच. डीजेलाही विरोध आहे, तेव्हाही लिहिलंय, पुन्हा लिहीन. पण एक मोठा आवाज आहे म्हणून दुसरा माफ होत नाही. उलट मला वाटतं, मंडळाच्या पोरांना शिस्त शिकवणाऱ्या आपण बंगला-फ्लॅटवाल्यांनी आधी आपल्या गेटच्या आतला आवाज आटोक्यात आणावा. मिरवणुकीवर पत्र लिहायचं आणि रविवारी साडेसातला मशीन सुरू करायचं, हे चालायचं नाही.

आणि हो, सोसायट्यांनीही नाकं वर करू नयेत. सोसायटीच्या गार्डनमध्ये तेच मशीन तितक्याच वाजता चालतं, आणि आपल्याच मेंटेनन्समधून चालतं. येत्या मीटिंगमध्ये हा एक विषय घ्या. वेळ ठरवायला पैसे लागत नाहीत.

काकांनाही ही पोस्ट पाठवली आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांचं लॉन सुंदर आहे, माझ्या गॅलरीतून मीच ते सगळ्यात जास्त बघते. फक्त ते कापायची वेळ माझ्याही सोयीची असावी, आणि कापणाऱ्याचे कान शाबूत राहावेत, एवढंच म्हणणं आहे.

ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये आपल्या गल्लीचं नाव लिहा. शेजाऱ्याचं नाव मात्र लिहू नका. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर तेही लिहा, पण जरा हळू आवाजात.