काशीच्या उन्हाळ्यात मरांटा

दिवसा पाने पसरणारा आणि रात्री ती हात जोडल्यासारखी उभी मिटणारा मरांटा मूळचा ब्राझीलच्या दमट जंगलातला. देठ व पान जिथे जुळतात, त्या सांध्यातील पाण्याचा दाब बदलतो व पान हलते.

काशीतील मे-जूनची कोरडी लू त्याला सोसत नाही. पानांच्या कडा करपल्या की आपण पाणी वाढवतो. पण कमी असतो तो हवेतला ओलावा, मातीतला नव्हे! जास्त पाण्याने मुळे कुजतात व झाड हातचे जाते.

दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडे जुन्या घरात चौक असेल, तर त्याच्या सावलीत कुंडी ठेवा. उजेड हवा, थेट ऊन नको. कूलरचा झोतही नको. ताटलीत खडे व पाणी घालून त्यावर कुंडी ठेवा, मात्र बूड पाण्यात बुडू देऊ नका. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला. जड पाण्याने पानांची टोके तपकिरी पडतात. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम.

जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली जातो. तेव्हा कुंडी खिडकीपासून दूर घ्या व पाणी कमी करा. मार्चमध्ये कुंडी बदलताना मुळांसकट झाडाचे दोन भाग करा. एक आपल्याला, एक शेजारी!